एका पानावर एकच विचारणा

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीची होती. वेबसाइट आहे, माणसेही येतात, पण पुन्हा संपर्क साधता येईल असा ईमेल पत्ता देणारी माणसे फार थोडी आहेत. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. हंगामात रोज दीड-दोनशे माणसे आमच्या वेबसाइटवर येतात. पानाच्या तळाशी ‘आमच्या न्यूजलेटरसाठी नोंदणी करा’ अशी चौकट आहे, परंतु मागील हंगामात तिथे जेमतेम चाळीस जणांनी ईमेल लिहिला. स्वतंत्र ‘लँडिंग पेज’ करा, असा सल्ला मिळाला आहे. म्हणजे नेमके काय करायचे? व्हॉट्सॲप असताना ईमेलची गरज आहे का?
— एक बागायतदार भगिनी, देवगड

उत्तर : तुमच्या वेबसाइटच्या मुख्य पानावर आज किती कामांचा भार आहे, हे आधी मोजून पाहा. तिथे बागेचा इतिहास आहे, पेटीचे दर आहेत, कोकम आगळ आणि फणसपोळी आहे, पार्सलचे नियम आहेत आणि या सर्वांच्या खाली, जिथवर फारसे कोणी पोहोचत नाही अशा जागी, ईमेलची चौकट आहे. लँडिंग पेज म्हणजे क्यूआर कोड, जाहिरात किंवा इन्स्टाग्रामवरील दुवा उघडल्यावर माणूस ज्या पानावर थेट येऊन उतरतो ते पान. तिथे एकच गोष्ट सांगितलेली असते आणि एकच गोष्ट मागितलेली असते. वरची मेन्यूची पट्टी, इतर उत्पादनांची चित्रे, फेसबुकची खूण हे सारे त्या पानावरून काढून टाकायचे असते, कारण बाहेर जाण्याची प्रत्येक वाट म्हणजे नोंदणी न करण्याचे एकेक निमित्त असते.

परंतु पान वेगळे केल्याने अर्धेच काम होते. ‘न्यूजलेटर’ हवे आहे म्हणून तुमच्याकडे कोणीही आलेले नसते. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला हवे असते ते एवढेच, की यंदाचा आंबा कधी उतरणार, दर काय असेल आणि मिळणारा हापूस खरोखर देवगडचाच असेल ना. त्यामुळे पानाचा मथळा त्याच्या मनातील प्रश्नाचे उत्तर असावा : ‘यंदाचा आंबा उतरला की सर्वांत आधी तुम्हाला कळवू.’ त्याखाली दोन-तीन वाक्यांत तुमचा शब्द द्या. ‘डिसेंबर ते मे या काळात पाच-सहा पत्रे येतील. मोहोर कसा आहे, पहिली तोडणी कधी, पेटीचा दर काय, हे त्यांत असेल. एरवी पत्र येणार नाही.’ मग ईमेलसाठी एक चौकट, आणि बटणावर ‘सबमिट’ ऐवजी ‘मला कळवा’. छायाचित्र एकच असू द्या, पण ते तुमच्याच बागेतले असू द्या. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत आंबा गिऱ्हाईक ओळखते.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे व रायगड हे जिल्हे येतात. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून तुमची नोंदणी झाली असेल, तर तो क्रमांक बटणाजवळ छापा. आंब्याच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला कंटाळलेल्या माणसाला त्या एका ओळीने जो भरवसा वाटेल, तो तीन परिच्छेदांच्या वर्णनाने वाटणार नाही.

पानाचा पत्ता कुठे द्यायचा, याचे माझ्या मते सर्वांत चांगले उत्तर म्हणजे आंब्याची पेटी. पेटी उघडताना, घरभर वास सुटलेला असताना, आत एक चिठ्ठी दिसावी : ‘पुढच्या वर्षी पहिली पेटी कधी निघेल, ते हवे असल्यास कळवू’, आणि शेजारी क्यूआर कोड. मात्र चिठ्ठीतील शब्द आणि पानाचा मथळा एकच हवेत. चिठ्ठीने पहिल्या पेटीविषयी सांगितले आणि पानावर ‘आमच्या घराण्याची परंपरा’ भेटली, तर आपण चुकीच्या ठिकाणी आलो असे वाटून माणूस परततो. साइट उघडताक्षणी संपूर्ण पडदा झाकणारी चौकट लावण्याचा मोह टाळावा. मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा चौकटी असलेली पाने शोधनिकालांत मागे पडू शकतात, असे धोरण गूगलने जानेवारी २०१७ पासून लागू केले आहे.

व्हॉट्सॲप सोडू नका. आलेल्या ऑर्डरवर बोलण्यासाठी ते उत्तम आहे. परंतु वर्षातील सात-आठ महिने ज्याच्याशी व्यवहार नसतो त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आणि एखाद्या कंपनीने खाते बंद केले किंवा नियम बदलले तरी हाती राहील अशा संपर्कासाठी ईमेलची यादी तुमच्या स्वतःच्या संगणकात असणे हिताचे आहे. नोंदणी होताच पहिले पत्र लगेच जाऊ द्या. मे महिन्यात पत्ता देणारा माणूस डिसेंबरपर्यंत तुमचे नाव विसरला, तर तुमचेच पत्र त्याला परक्याचे वाटेल.

प्रश्न : आमची लहान प्रकाशनसंस्था आहे. ग्रंथप्रदर्शनांतील नोंदवह्या, जुनी बिले आणि संकेतस्थळावरील ऑर्डरी यांतून सुमारे तीन हजार दोनशे ईमेल पत्ते जमले आहेत. शिवाय एक गृहस्थ पन्नास हजार ‘पुस्तकप्रेमींची’ यादी विकत देण्यास तयार आहेत. लँडिंग पेजने एकेक पत्ता गोळा करण्यापेक्षा या याद्या थेट वापरल्या तर काय बिघडेल?
— एक प्रकाशक, नाशिक

उत्तर : विकतची यादी घेऊ नका, हे आधी स्पष्टपणे सांगतो. त्या पन्नास हजारांपैकी एकानेही तुमचे नाव ऐकून पत्ता दिलेला नाही. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीतील गॅरी थुअर्क यांनी अर्पानेटवरील, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या पूर्वरूपावरील, सुमारे चारशे जणांना आपल्या नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकदम पाठवले. न मागितलेल्या व्यापारी ईमेलचे ते पहिले ठळक उदाहरण मानले जाते, आणि त्यावर तक्रारींचा जो भडिमार झाला तो जाळ्याच्या व्यवस्थापकांपर्यंत पोहोचला. माणसाचा तो राग आजही तसाच आहे. फरक इतकाच की आता त्याच्या हाती ‘स्पॅम’ हे बटण आहे, आणि ते पुरेशा लोकांनी दाबले की ज्यांनी आपणहून पत्ता दिला त्यांनाही तुमची पत्रे नीट पोहोचेनाशी होतात.

कायद्याचा भागही नीट समजून घ्यावा. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. या कायद्यानुसार संमती ही मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी, पुरेशी माहिती मिळाल्यावर आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते, आणि ती जितक्या सहजतेने दिली तितक्याच सहजतेने मागे घेता आली पाहिजे. कायद्यातच एक बोलके उदाहरण आहे. औषधाच्या दुकानात एखादी ग्राहक पैसे दिल्याची पोच मोबाइलवर मिळावी म्हणून आपली माहिती देते, आणि दुकानदाराला ती माहिती पोच पाठवण्यासाठी वापरता येते. तुमच्या बिलांवरील पत्त्यांना हाच न्याय लावून पाहा. पार्सल कुठवर आले हे कळावे म्हणून दिलेला ईमेल हा नव्या कादंबरीच्या जाहिरातीसाठी दिलेला ईमेल नव्हे.

तेव्हा बत्तीसशे पत्त्यांचे गठ्ठे करा. ज्या नोंदवहीच्या पानावर ‘नव्या पुस्तकांची माहिती हवी असल्यास’ असे लिहिलेले होते, त्या पत्त्यांना एकच पत्र पाठवा. आपला पत्ता कोणत्या प्रदर्शनात मिळाला, हे त्यात पहिल्याच ओळीत सांगा आणि पुढेही पत्रे हवी असल्यास लँडिंग पेजवर येऊन नोंद करण्याची विनंती करा. ज्यांचे उत्तर येणार नाही त्यांना यादीतून वगळा. बिलांवरील ग्राहकांना पुढच्या पार्सलमध्ये पानाच्या दुव्याची चिठ्ठी घाला. ज्या पत्त्यांचा उगमच ठाऊक नाही, ते सोडून द्या. यादी पुष्कळ लहान होईल आणि ते पाहून तुम्हाला हळहळ वाटेल, हे मी समजू शकतो. घरांच्या एका प्रदर्शनात केवळ माहितीपत्रक मिळावे म्हणून मी वहीत पत्ता लिहिला होता. त्यानंतर ज्यांची नावेही ऐकली नव्हती अशा व्यावसायिकांची पत्रे महिनोन्‌महिने येत राहिली. त्यातील एकही पत्र मी वाचले नाही, आणि ज्यांनी ती वही ठेवली होती त्यांच्यावरचा माझा विश्वास मात्र कायमचा गेला. प्रकाशकाच्या वाट्याला हे येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

तुमच्या पानावर देण्यासारखे तर तुमच्याकडे भरपूर आहे. आगामी पुस्तकाचे एक संपूर्ण प्रकरण द्या, प्रकाशनपूर्व सवलतीची सूचना आधी देण्याचे कबूल करा. मराठी वाचकाला हा व्यवहार नवा नाही. नियतकालिकाची वर्गणी भरून अंकाची वाट पाहण्याची सवय त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. फक्त प्रकरण मागणाऱ्याला गृहीत धरून यादीत ओढू नका. ‘नव्या पुस्तकांची माहितीही पाठवा’ ही वेगळी, रिकामी चौकट ठेवा आणि तिच्यात खूण वाचकालाच करू द्या. आधीच खूण केलेली चौकट ही संमती ठरत नाही, असा निकाल युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘प्लॅनेट ४९’ या प्रकरणात दिला आहे. बालसाहित्य काढत असाल, तर ते पान पालकांना उद्देशून लिहा, कारण आपल्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते.

प्रश्न : मी मोडी लिपीचे ऑनलाइन वर्ग घेतो. नोंदणीसाठी दोन पाने केली. लाल बटणाच्या पानावर ११० जण आले व ९ जणांनी ईमेल दिला. हिरव्या बटणाच्या पानावर १०५ जण आले व १४ जणांनी दिला. मित्र म्हणतो, हिरवे बटण सिद्ध झाले. हे बरोबर आहे का?
— एक शिक्षक, पुणे

उत्तर : नाही. टक्केवारीत पाहिले तर ८.२ आणि १३.३ हा फरक मोठा दिसतो, परंतु आकडे इतके लहान आहेत की दोन्ही पाने तंतोतंत सारखी असती तरी एवढा किंवा याहून मोठा फरक साधारणपणे पाचांतून एकदा निव्वळ योगायोगाने दिसला असता. दहा टक्के नोंदणीचे पान बारा टक्क्यांवर गेले की नाही, हे संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीवर खात्रीने सांगायचे, तर प्रत्येक पानावर सुमारे ३,८०० माणसे यावी लागतात. उलट दहाचे वीस टक्के झाले असतील, तर प्रत्येकी दोनशे माणसांतही ते बहुधा दिसून येते. म्हणून ज्यांच्याकडे येणारी माणसे थोडी आहेत, त्यांनी बटणाचा रंग तपासण्यात वेळ घालवू नये. त्यांनी पानाचा गाभाच बदलून पाहावा.

मोठ्या प्रमाणावर केलेली अशी तपासणी काय दाखवते, याचे मला फार महत्त्वाचे वाटणारे उदाहरण अमेरिकेतील आहे. बराक ओबामा यांच्या अध्यक्षपदाच्या पहिल्या प्रचारमोहिमेत, डिसेंबर २००७ मध्ये, संकेतस्थळाच्या प्रवेशपानावर एक प्रयोग झाला. डॅन सिरोकर हे त्या मोहिमेच्या विश्लेषण विभागाचे प्रमुख होते. पानाचा उद्देश एकच होता, येणाऱ्याने ईमेल द्यावा. चार प्रकारची बटणे आणि सहा प्रकारची चित्रे व चित्रफिती यांच्या चोवीस जोड्या करण्यात आल्या आणि सुमारे तीन लाख दहा हजार पाहुण्यांमध्ये त्या वाटल्या गेल्या, म्हणजे प्रत्येक जोडीच्या वाट्याला तेरा हजारांच्या आसपास माणसे आली. मूळ पानावर ८.२६ टक्के लोक नोंदणी करीत होते. सर्वांत यशस्वी ठरलेल्या जोडीत ते प्रमाण ११.६ टक्के झाले, म्हणजे चाळीस टक्क्यांची वाढ. त्या जोडीत ओबामांचे कुटुंबासमवेतचे साधे छायाचित्र होते आणि बटणावर ‘नोंदणी करा’ ऐवजी ‘अधिक जाणून घ्या’ अशा अर्थाचे शब्द होते. प्रयोगापूर्वी मोहिमेतील मंडळींचा कल एका चित्रफितीकडे होता. प्रत्यक्षात सगळ्याच चित्रफिती स्थिर चित्रांपेक्षा मागे पडल्या. त्या वाढीमुळे पूर्ण मोहिमेत सुमारे अठ्ठावीस लाख ऐंशी हजार जादा पत्ते मिळाले, असा सिरोकर यांचा हिशेब आहे.

यातून ‘अधिक जाणून घ्या’ हेच शब्द आणि कुटुंबाचे छायाचित्र उचलायचे नाही. निवडणुकीच्या आरंभी, उमेदवाराची पुरती ओळख नसलेल्या मतदारासाठी ते योग्य होते. उचलायची ती पद्धत : आपल्या पसंतीवर विसंबायचे नाही आणि पुरेशी माणसे येईपर्यंत निकाल जाहीर करायचा नाही.

तुमच्यासाठी मी दोन खरोखर भिन्न पाने सुचवतो. एका पानावर मोडीच्या मुळाक्षरांचा छापता येण्याजोगा तक्ता द्या. दुसऱ्यावर असे लिहा : ‘घरात आजोबांच्या वेळचे खरेदीखत आहे, पण वाचता येत नाही? पहिल्या पाच ओळी वाचायला शिकवणारा धडा ईमेलने मागवा.’ पहिले पान लिपीची आवड असणाऱ्यांना बोलावते, दुसरे गरज असणाऱ्यांना. या दोहोंतील फरक तुमच्या मर्यादित संख्येतही कदाचित स्पष्ट दिसेल, आणि त्यावरून वर्गात काय शिकवावे हेही उमगेल. शिवाय सध्याच्या चार-पाच विद्यार्थ्यांना ते पान मोठ्याने वाचायला सांगा. ते जिथे अडखळतील ते वाक्य बदला. या तपासणीला हजारो माणसे लागत नाहीत.

प्रश्न : लातूर येथे आमची स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. चालू घडामोडींचे टिपण दर रविवारी ईमेलने पाठवतो. नोंदणीच्या अर्जात नाव, मोबाइल, जन्मतारीख, तालुका, शिक्षण अशा नऊ गोष्टी विचारतो. बरेच विद्यार्थी अर्ज अर्धवट सोडतात आणि आलेल्यांपैकी पुष्कळ पत्ते चुकीचे निघतात.
— संचालक, एक अभ्यासिका

उत्तर : रविवारचे टिपण पाठवण्यासाठी यांतील किती गोष्टी लागतात? एकच, ईमेल. बाकीच्या आठ तुमच्या सोयीच्या आहेत. कोणती परीक्षा देणार हे ठाऊक असेल, तर टिपण अधिक उपयोगी करता येते हे खरे, पण तो प्रश्न नोंदणी झाल्यानंतरच्या ‘धन्यवाद’च्या पानावर विचारा. तोवर विश्वास जडलेला असतो आणि उत्तर दिले नाही तरी नोंदणी वाया जात नाही. मोबाइल क्रमांक तर विचारूच नका. तो विचारला की प्रवेशासाठी फोन येत राहणार, हे विद्यार्थ्याला पुरते ठाऊक असते. शिवाय जी माहिती तुम्ही जमवलीच नाही, ती सांभाळण्याची जबाबदारीही तुमच्यावर येत नाही.

चुकीच्या पत्त्यांचे एक कारण अगदी साधे आहे. विद्यार्थ्याच्या मोबाइलवर कळफलक मराठीत असतो, ईमेल रोमन लिपीत लिहायचा असतो, आणि त्या अदलाबदलीत एखादे अक्षर राहते किंवा शेवटी रिकामी जागा पडते. संकेतस्थळ करणाऱ्याला सांगा की त्या चौकटीचा प्रकार ‘मजकूर’ न ठेवता ‘ईमेल’ ठेवावा, म्हणजे बहुतेक मोबाइलवर ‘ॲट’चे चिन्ह असलेला कळफलक आपोआप उघडतो. शेवटची रिकामी जागा काढून टाकण्याचीही सोय करून घ्या. त्यानंतर प्रत्येक पत्त्यावर पुष्टीचे पत्र पाठवा आणि त्यातील दुवा उघडल्यावरच नोंद पक्की करा. काही जण ही दुसरी पायरी गाळतात व आकडा थोडा कमी होतो, पण दुसऱ्याचा पत्ता लिहिणे आणि टंकनातील चुका या दोन्ही गोष्टी तिथेच थांबतात. म्हणून नोंदणीनंतरच्या पानावर ‘आता आपली ईमेल पेटी उघडा, आमचे पत्र न दिसल्यास स्पॅममध्ये पाहा’ हे ठळक लिहा.

पानाच्या वजनाकडेही लक्ष द्या. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमन फॉन्टपेक्षा सहसा जड असते. मोबाइलमध्ये मुळातच असलेला देवनागरी फॉन्ट वापरला तर ते ओझे टळते. मथळा जुन्या, युनिकोड (सर्व यंत्रांना कळणारी अक्षरांची समान संकेतपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये करून चित्र म्हणून चिकटवण्याची सवय अजूनही दिसते. असा मथळा शोधयंत्राला वाचता येत नाही, आणि पडद्यावरील मजकूर ऐकून अभ्यास करणाऱ्या अंध विद्यार्थ्यालाही तो ऐकू येत नाही. हे दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत दिवाळीचा फराळ करून देते. लँडिंग पेजवर सातशे जणांनी नोंद केली आहे, पण माझी पत्रे अनेकांच्या स्पॅममध्ये जातात. मी माझ्या नेहमीच्या जीमेल पत्त्यावरून, ईमेल पाठवणाऱ्या एका सेवेमार्फत पत्रे धाडते.
— एक वाचक भगिनी, न्यू जर्सी

उत्तर : अडचण बहुधा तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. पत्रावर नाव जीमेलचे आणि धाडणारा सर्व्हर दुसऱ्याचा, असे दिसले की ते पत्र तोतयाचे असावे अशी शंका घेतली जाते. स्वतःच्या नावाचे डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात ‘ॲट’च्या चिन्हानंतर येणारे नाव, घ्या, त्यावरचा पत्ता वापरा आणि पत्र खरोखर तुमचेच आहे हे सिद्ध करणाऱ्या एसपीएफ, डीकिम व डीमार्क या तीन नोंदी करून घ्या. तुम्ही वापरता त्या सेवेच्या मदत विभागात याची पद्धत दिलेली असते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी याबाबतचे नियम कडक केले आहेत. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे जीमेलवर धाडणाऱ्यांना या तिन्ही नोंदी आणि एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची आहे. तुम्ही त्या संख्येपासून दूर आहात, तरी हे सारे आताच करावे. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्यात असेही जीमेल सांगते. सातशे पत्रांमागे तीन तक्रारी झाल्या तरी तुम्ही ती मर्यादा ओलांडता.

अमेरिकेच्या २००३ च्या ‘कॅन-स्पॅम’ कायद्यानुसार प्रत्येक व्यापारी पत्रात तुमचा टपालाचा पत्ता हवा, आणि नाव काढण्याची विनंती कामकाजाच्या दहा दिवसांत पाळली गेली पाहिजे.

पत्र किती जणांनी उघडले, या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलची मेल सेवा ज्यांनी गोपनीयतेची सोय निवडली आहे त्यांच्या पत्रांतील चित्रे आधीच उतरवून ठेवते, त्यामुळे न वाचलेले पत्रही उघडल्यासारखे मोजले जाते. त्याऐवजी चकली-चिवड्याच्या यादीचा दुवा किती जणांनी उघडला आणि किती जणांनी उलट उत्तर लिहिले, ते मोजा. पहिल्याच पत्रात एक प्रश्न विचारून पाहा : ‘अनारसे हवेत का, आणि किती?’ उत्तरे आली की ईमेल सेवांना तुमचा पत्ता ओळखीचा वाटू लागतो, आणि तांदूळ किती भिजत घालायचे हेही तुम्हाला वेळेवर कळते.